अनुशेषाचे दहावे क्षेत्र



१९८३ साली महाराष्ट्र शासनाने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली एक सत्यशोधन समिती नेमली. राज्याच्या कोणत्या भागात काय पोचले आणि काय पोचायचे राहिले, हे तिने मोजायचे होते. पुढच्या वर्षी अहवाल आला. सिंचन, रस्ते, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, जमीन सुधारणा आणि पशुवैद्यकीय सेवा या नऊ क्षेत्रांत समितीने प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिला. सरासरीच्या खाली जे राहिले त्याची रुपयांत किंमत काढली आणि सुमारे ३,१८६ कोटींचा अनुशेष राज्यापुढे ठेवला. मराठवाड्याला आपल्यावर अन्याय होतो आहे असे त्याआधीही वाटत होते. १९७४ चे विकास आंदोलन त्यातूनच उभे राहिले होते. पण जे वाटते ते मोजून दाखवता आले पाहिजे, ही शिस्त आपल्याला त्या अहवालाने लावली. त्यातल्या आकड्यांवर पुढे पुष्कळ भांडणे झाली, अजून होतात. भांडायला मुळात आकडे होते, ही माझ्या मते त्या अहवालाची मोठी देणगी.

मी आज दहाव्या क्षेत्राविषयी बोलणार आहे. १९८४ मध्ये ते समितीपुढे येणे शक्यच नव्हते. आपल्या देशात सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून, आणि तेही काही मोठ्या शहरांत. आज मात्र हे दहावे क्षेत्र बाकीच्या नवांच्या दारात उभे आहे. पीकविमा पाहिजे, अकरावीचा प्रवेश पाहिजे, निराधार पेन्शन पाहिजे, सिंचनाचे अनुदान पाहिजे, तर आधी त्याच्यातून जावे लागते. रस्त्याचा अनुशेष राहिला तर रस्ता मिळत नाही. इंटरनेटचा अनुशेष राहिला तर रस्त्यापलीकडचे इतर हक्कही अडून बसतात. असे असताना तालुक्यातालुक्याचा हा अनुशेष मोजून मराठवाड्यापुढे कोणी मांडलेला नाही. ज्या वैधानिक विकास मंडळाने तो प्रश्न विचारावा, त्या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. ती कोणत्या महिन्यात संपली ते लक्षात घ्या. टाळेबंदी सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता, शाळा बंद होत्या आणि शिक्षण मोबाइलवर सुरू झाल्याचे सांगितले जात होते.

जे मोजले गेले आहे ते आधी पाहू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची पंचाहत्तरावी फेरी जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात झाली. तिच्यानुसार देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्क्यांकडे संगणक होता, शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्क्यांकडे. इंटरनेटची सोय खेड्यांत १४.९ टक्के घरांत होती, शहरांत ४२ टक्के घरांत. त्यानंतर फोन झपाट्याने पसरले. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२४ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ नव्वद टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला. हा आकडा ऐकला की मंत्रालयापासून माध्यमांपर्यंत सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण त्याच पाहणीने पुढचाही प्रश्न विचारला होता: फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन किती जणांचा? मुलांत ३६.२ टक्के, मुलींत २६.९ टक्के. घरात फोन असतो, तो बापाचा असतो, त्याखालोखाल भावाचा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी तरी इंटरनेट वापरले आहे का, असे विचारले. पुरुषांत ६१.५ टक्के हो म्हणाले, स्त्रियांत ३८ टक्के. ग्रामीण स्त्रियांत तर ते प्रमाण चारांत एकीच्याही खाली होते. हा प्रगत म्हणवणाऱ्या राज्याचा हिशेब आहे.

आकडे इथेच थांबवतो, कारण मला त्यांच्या मागे काय घडते ते सांगायचे आहे. त्यासाठी एक जुनी गोष्ट आठवू या.

निजामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या तोंडावर, मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे आली. ती मीटरगेज होती. मनमाडला मुंबईची ब्रॉडगेज. त्यामुळे आपल्याकडून मुंबईला जाणारा प्रवासी मनमाडला उतरायचा, गाडी बदलायचा. मालाचे तर त्याहून वाईट. कापूस, शेंगदाणा, ज्वारी, जे काही असेल ते एका वाघिणीतून उतरवायचे आणि दुसऱ्या वाघिणीत चढवायचे. हमाली, नासाडी, चोरी आणि खोळंबा यांचा सारा बोजा आपल्या मालावर पडे. रेल्वे नव्हती असे कोणालाच म्हणता येत नव्हते, नकाशावर तर ती ठळक दिसत होती. मराठवाडा विकास आंदोलनाचे नेते गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रॉडगेजची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली ती यासाठीच. ते रूळ रुंद व्हायला १९९० चे दशक उजाडले.

आज मराठवाड्यातल्या गरिबाचे आणि शासनाचे नाते तसेच आहे. जोडणी आहे, पण दोन टोकांची रुंदी वेगळी. मध्ये एक मनमाड आहे आणि तिथे प्रत्येक वेळी माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो.

ई-पीक पाहणीचे पाहा. सातबाऱ्याचा बारा म्हणजे पिकांची नोंद. ती तलाठी करीत असे. चावडीवर बसून, शेत न पाहता पाहणी केली जायची, अशी तक्रार पिढ्यान्‌पिढ्या होती आणि ती खरी होती. म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः अ‍ॅपवर नोंद करायची असे ठरले. शेतात उभे राहायचे, पिकाचा फोटो काढायचा, जागेच्या अक्षांश-रेखांशासह तो वर पाठवायचा. कल्पना चांगली आहे, हे मी मनापासून म्हणतो. आपल्या पिकाची नोंद आपल्या हाती येणे ही लहान गोष्ट नाही. पण ती पेलायला काय काय लागते? अ‍ॅप चालेल असा फोन, शेतात रेंज, रिचार्ज, आणि खाते क्रमांक, गट क्रमांक, मिश्र पीक, सिंचनाचे साधन हे रकाने भरता येणारा माणूस. अजिंठ्याच्या डोंगररांगेखालच्या सोयगावकडे किंवा कन्नडच्या गौताळ्याकडच्या वस्त्यांवर जाऊन विचारा. लोक सांगतात, बांधावर रेंज नाही, फोटो फिरत राहतो. ज्याचा मुलगा पुण्याला कामाला आहे त्याचा स्मार्टफोन मुलाबरोबर पुण्यालाच आहे.

याचा परिणाम २०२४ मध्ये दिसला. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना शासनाने दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी ५,००० रुपयांची मदत जाहीर केली. अट अशी घातली की ई-पीक पाहणीत नोंद पाहिजे. सोयाबीन तर शेतात उभे राहिलेले साऱ्या गावाने पाहिले होते, काढले गेले, अडतीवर विकले गेले, पण अ‍ॅपमध्ये ते पेरलेच गेले नव्हते. ओरड झाली, निवडणुका जवळ आल्या होत्या, आणि ती अट शिथिल करावी लागली. ओरड करायला संख्या होती म्हणून हे झाले. एखाद्या वाडीतल्या आठ-दहा घरांची नोंद राहिली असती तर कोण ऐकणार होते? पीकविम्यातही तसेच झाले. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचे असा नियम होता. अतिवृष्टीत सगळ्यात आधी वीज जायची, विजेमागून टॉवर जायचा, आणि घड्याळ मात्र चालू असायचे.

दुसरे उदाहरण घराघरातले आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ च्या जुलैत सुरू झाली. सुरुवातीला अर्ज अ‍ॅपवर होते, पण अंगणवाडी सेविकांनी ते मोठ्या प्रमाणावर भरून दिले. स्वतःचा फोन नसलेली बाईही त्यामुळे योजनेत आली. माणूस मध्ये उभा केला की तंत्रज्ञान किती दूरवर पोचते, याचा हा पुरावा होता. मग १८ सप्टेंबर २०२५ ला ई-केवायसीची सक्ती झाली. बाईच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी, आणि त्यानंतर पती किंवा वडील यांच्या आधारचा ओटीपी. क्षणभर थांबून विचार करा. पती वारलेला आहे, वडीलही नाहीत, अशा बाईने कोणाचा ओटीपी आणायचा? जिला नवऱ्याने टाकले आहे, तिने त्याच्याकडे जाऊन आकडे मागायचे? या स्त्रियांसाठी पुढे वेगळी तरतूद करावी लागली, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. त्या महिन्यांत साइट दिवसा चालत नव्हती. बायका रात्री केंद्रावर जात होत्या, पहाटे उठून प्रयत्न करीत होत्या. ज्या टेबलाशी बसून ही पद्धत ठरली त्या टेबलाशी एक जरी विधवा बसलेली असती, तरी पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारला गेला असता. अपात्रांना वगळणे हे शासनाचे काम आहे. पण वगळण्याच्या यंत्राने सर्वांत आधी एकट्या बाईलाच अडवावे, याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

रोजगार हमी तर आपली. १९७२ च्या दुष्काळात या मातीत ती वाढली, वि. स. पागे यांनी तिला आकार दिला, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे साऱ्या देशाने ती उचलली. खडी फोडणाऱ्या बाईची हजेरी मस्टरवर लागत असे. १ जानेवारी २०२३ पासून हजेरी अ‍ॅपवर सक्तीची झाली, दिवसातून दोनदा फोटो. फोटो वर गेला नाही तर दिवस गेला. खोट्या हजेऱ्या थांबवण्यासाठी हे केले, असे सांगितले गेले. खोटी हजेरी लावणारा मुकादम फोटोलाही वाट शोधतो. रेंज नसलेल्या पाझर तलावावर खरोखर घाम गाळणाऱ्याला ती सापडत नाही.

आणि अकरावीचे प्रवेश. २०२५-२६ पासून ते साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. आधी ही पद्धत मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरांपुरती होती. तिथे शेकडो कॉलेजे असतात, गुणवत्ता यादीला अर्थ असतो. पण ज्या गावात एकच कनिष्ठ महाविद्यालय आहे आणि मुलगी तिथे चालत जाणार आहे, तिच्यासाठी हा फॉर्म कशाला? २१ मे २०२५ ला, पहिल्याच दिवशी, संकेतस्थळ बंद पडले आणि वेळापत्रक पुढे ढकलावे लागले. शहरात पालक चिडले, समाजमाध्यमांवर बोलले. खेड्यातून तालुक्याला भाडे खर्चून आलेल्या बापाने काय केले? तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

हे सारे जिथे उतरवून चढवले जाते ते आजचे मनमाड म्हणजे तुमच्या-माझ्या ओळखीचे सेतू केंद्र, महा ई-सेवा केंद्र, नाही तर नुसते झेरॉक्सचे दुकान. ते चालवणाऱ्या मुलांना मी दोष देणार नाही. त्यांतले बरेच जण पदवीधर आहेत, स्पर्धा परीक्षेतून परतलेले आहेत, आणि गावातल्या म्हाताऱ्यांचे अर्ज तेच रात्री बारापर्यंत भरत असतात. ठरलेले शुल्क थोडे असले तरी फोटो, स्कॅन, प्रिंट, पुन्हा लॉगिन, चुकीची दुरुस्ती असे करत रक्कम शे-दोनशेवर जाते. रांगेत बुडालेली रोजंदारी वेगळी. पूर्वी कचेरीतला कारकून अर्ज घ्यायचा. तो त्रास द्यायचा, कधी हात पुढे करायचा, हे मान्य. पण अर्ज लिहून घेणे, तपासणे, चुकला तर सांगणे हा खर्च शासनाचा होता. आता तो गरिबाच्या खिशातून जातो आणि शासनाच्या ताळेबंदात बचत म्हणून दिसतो. त्यापेक्षाही मोठी किंमत वेगळी आहे. बाईचे आधार, तिचे बँक खाते, तिचा पासवर्ड, तिचा अंगठा हे सगळे त्या टेबलावर उघडे पडते. तिच्या खात्यात काय आले हे तिच्याआधी दुकानदाराला कळते. शेतात आणि धुण्या-भांड्यांत बोटे झिजली की अंगठा लागत नाही. मग पुन्हा या, असे तिला सांगितले जाते.

२९ सप्टेंबर २०१० ला देशातले पहिले आधार कार्ड आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. ज्याला ओळखीचा एकही कागद नाही त्याला ओळख मिळावी, हा त्यामागचा उद्देश होता. आदिवासी गाव निवडले गेले ते त्याचसाठी. आज त्याच ओळखीचे दार अंगठ्याने आणि ओटीपीने उघडायचे आहे, आणि ओटीपी सिमकार्डाच्या मागे जातो. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून आणि आपल्या पैठण, कन्नड पट्ट्यातून ऊसतोडीला जाणारी जोडपी आठवा. मुकादमाकडून उचल घेऊन ती पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गावात आजी आणि नातवंडे. घरातला एक फोन फडात जातो, कारण टोळीला, मुकादमाला, कारखान्याला तो लागतो. त्या पाच-सहा महिन्यांत नातवाची शिष्यवृत्ती, रेशनची केवायसी, आजीचे हयातीचे प्रमाणपत्र, यांतले काही निघाले की ओटीपी जातो कोल्हापूरच्या फडात. तिथे दिवसभर कोयता चालतो आणि फोन खोपीत पडलेला असतो. ओटीपीची मुदत काही मिनिटांची. आजी दुकानात उभी, दुकानदार विचारतो, आला का आकडा? या कुटुंबाची नोंद पाहणीत 'घरात स्मार्टफोन आहे' अशीच होते.

डेटा आपल्याकडे जगात अत्यंत स्वस्त आहे, असे सांगतात. दराने स्वस्त आहे हे खरे. पण रिचार्जचा महिना अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एका साध्या पॅकला दोन-अडीचशे रुपये पडतात. रोजगार हमीची राज्यातली मजुरी २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये रोज होती. संजय गांधी निराधार योजनेतल्या विधवेला महिना १,५०० रुपये मिळतात, म्हणजे पेन्शन आल्याचा संदेश येत राहावा यासाठी तिने पेन्शनचा सहावा-सातवा भाग मोजायचा. दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणे आणि एसएमएस यांचे वेगळे पॅक ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. हे चांगले झाले. पण ओटीपी सोडला तर बाकीचे सारे इंटरनेटवरच आहे.

शाळांविषयी थोडेच बोलतो, कारण त्या दिवसांचे घाव इथल्या अनेक शिक्षकांनी स्वतः पाहिले आहेत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांची दारे पुन्हा उघडायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. त्या काळात लिंका पाठवल्या गेल्या, त्या पाहिल्या जातात असे गृहीत धरले गेले. ज्यांनी गृहीत धरले नाही त्यांनी काही तरी वेगळे केले. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका सुरू झाली, कारण दूरदर्शनला रिचार्ज लागत नाही. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी कामगार वस्तीच्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. आपल्या शहरात, छत्रपती संभाजीनगरात, रीड अँड लीड फाउंडेशनने मोहल्ल्यामोहल्ल्यांत मुलांची वाचनालये उघडली. हे उपाय चालले, कारण ते करणाऱ्यांनी आधी मुलाच्या घरात काय नाही ते पाहिले होते. तरी झालेले नुकसान भरून निघाले नाही. दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे देशातले प्रमाण असरच्या पाहणीत २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, २०२२ मध्ये ते २०.५ टक्के झाले.

आता आपल्या शहराकडे वळू. शेंद्रा आणि बिडकीन मिळून दहा हजार एकरांची ऑरिक ही औद्योगिक नगरी ७ सप्टेंबर २०१९ ला पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली. तिथे रस्ता होण्याआधी त्याच्या पोटात फायबरची नळी टाकली गेली. भूखंड घेणाऱ्याला वीज, पाणी आणि इंटरनेट दारात तयार. मला याचा आनंद आहे, कारखाने आले पाहिजेत. यातून एवढे मात्र सिद्ध होते की या जिल्ह्यात फायबर नीट टाकता येते, वेळेत टाकता येते, आणि टाकल्यावर ती चालूही ठेवता येते. दुसरीकडे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, २०१५ मध्ये तिला भारतनेट नाव मिळाले, अडीच लाख ग्रामपंचायतींचे उद्दिष्ट ठरले, आणि २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटींची सुधारित योजना आणावी लागली. तार पंचायतीच्या भिंतीपर्यंत आली म्हणजे गावात इंटरनेट आले असे होत नाही. पेटीला वीज लागते, जेसीबीने तोडलेली तार जोडायला माणूस लागतो, आणि पंचायतीच्या कुलपाची किल्ली संध्याकाळी कोणाकडे तरी असावी लागते. कारखान्यासाठी देखभालीचा करार असतो. गावासाठी फक्त उद्घाटन.

शहराच्या आतही दोन शहरे आहेत. उस्मानपुऱ्यातल्या क्लासमधला विद्यार्थी व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहतो. किराडपुऱ्यात किंवा मुकुंदवाडीत एका खोलीत पाच माणसे आणि एक फोन असतो, आणि तो फोन वडिलांच्या डिलिव्हरीच्या कामाचा असतो. अर्जांचे रकाने मराठीत आणि इंग्रजीत. ज्या घरात उर्दू बोलली, शिकली जाते तिथल्या वयस्क बाईला दोन्ही परके. मग एके दिवशी जोडणीच तोडली जाते. मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात, २६ फेब्रुवारी २०२४ ला, जालना, बीड आणि आपल्या जिल्ह्यातले इंटरनेट बंद केले गेले. कायदा-सुव्यवस्थेची काळजी समजू शकते. पण ज्या दिवशी हजेरी, रेशन, पैसे आणि परीक्षेचा फॉर्म सारेच फोनवर आहे, त्या दिवशी इंटरनेट बंद करणे म्हणजे शासनानेच आपली सगळी कार्यालये एकाच वेळी बंद करणे होय. सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० ला सांगितले की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, ते गरजेपुरते आणि मर्यादित काळाचे असले पाहिजेत. आपल्या जिल्ह्यात असा आदेश निघाला तेव्हा तो मिळवून वाचण्याचे काम आपल्यापैकी कोणी केले?

बाबासाहेबांनी १९५० मध्ये या शहरात कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्याच्या इतिहासातली ती फार मोठी घटना आहे, आणि तिचा एक पैलू मला आजच्या विषयासाठी महत्त्वाचा वाटतो. कॉलेजचे दार सर्वांना उघडे आहे, एवढे म्हणून ते थांबले नाहीत. नागसेनवनात वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातून येणाऱ्या मुलाला जेवायला, झोपायला आणि रात्री वाचायला दिवा नसेल तर उघड्या दाराचा त्याला उपयोग नाही, हे त्यांना ठाऊक होते. प्रवेश देणे आणि प्रवेश घेता येईल अशी स्थिती निर्माण करणे, या दोन्ही जबाबदाऱ्या त्यांनी संस्थेच्या मानल्या. पोर्टल सुरू केले म्हणजे सेवा दिली असे मानणाऱ्या प्रत्येक सचिवाने नागसेनवनात एक चक्कर मारावी, असे मला मनापासून वाटते.

कायदा आता या बाजूने झुकू लागला आहे. केरळच्या उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ ला, वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर, इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून प्रकरणात आणखी पुढे जाऊन डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात धरले. ॲसिडहल्ल्यात चेहरा भाजलेल्या स्त्रियांना आणि दृष्टिहीनांना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून केवायसी करता येत नव्हती, त्यांनी ते दार ठोठावले होते. त्या निकालाचे बोट धरून मी म्हणेन, जिचा अंगठा झिजला आहे आणि जिचा फोन ऊसतोडीला गेला आहे, तीही त्याच दारात उभी आहे. केरळ सरकारने ५ जून २०२३ ला स्वतःचे फायबर जाळे सुरू केले आणि वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणीचे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट गाठायला त्यांनाही वेळ लागतो आहे, पण जोडणी ही पाण्यासारखी शासनाची जबाबदारी आहे हे त्यांनी कागदावर मान्य केले.

पैसा नाही असे कोणी सांगितले तर मानू नका. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलाचे पाच टक्के २००२ पासून ग्रामीण सेवेच्या निधीसाठी घेतले जातात. आज त्या निधीला डिजिटल भारत निधी म्हणतात. तुम्ही-आम्ही केलेल्या प्रत्येक रिचार्जचा अंश त्यात आहे, सोयगावच्या त्या शेतकऱ्याचाही आहे.

माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, कोणतीही सरकारी सेवा केवळ फोनवर नसावी. प्रत्येक तहसिलीत, प्रत्येक मोठ्या गावात कागदी अर्ज घेणारी, पावती देणारी, पगारी माणूस बसलेली एक खिडकी असावी, आणि तिथे शुल्क नसावे. अंगठा लागला नाही, ओटीपी आला नाही, साइट बंद होती, या कारणाने कोणाचा लाभ थांबू नये. लोकसेवा हक्क कायदा राज्यात २०१५ पासून आहे, या खिडकीची तरतूद त्यातच करता येईल. दुसरी, दांडेकरांनी जे नऊ क्षेत्रांचे केले ते दहाव्याचे करावे, तालुका हा घटक धरून. आपल्या जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. किती वस्त्यांत घरात बसून रेंज मिळते, किती ग्रामपंचायतींची फायबर चालू आहे, किती बायकांचा स्वतःचा नंबर आधारला जोडलेला आहे, किती अर्ज अंगठा न लागल्याने परत गेले, एवढे चार प्रश्न विचारले तरी पुरे.

शासन मोजेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. इथे बसलेल्या बऱ्याच जणांचे गाव आहे, मत गावात आहे. येत्या ग्रामसभेला जा. पंचायतीतली ती फायबरची पेटी उघडून दाखवायला सांगा, तिचा दिवा लागतो का ते पाहा. लागत नसेल तर कधीपासून आणि तक्रार कोणाकडे केली, हे ठरावात लिहून घ्या. रास्त भाव दुकानदाराला विचारा, गेल्या महिन्यात किती कार्डांचा अंगठा लागला नाही. ग्रामसेवकाला विचारा, गावातल्या किती विधवांची केवायसी अडली होती. उत्तरे कागदावर घ्या, ग्रामसभेचा ठराव क्रमांक टाका आणि त्याची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा.